जुनी युरोपियन लष्करी तलवार कशी ओळखायची: शिक्के, नावं आणि सापळे (नवख्यांसाठी)

वाड्याच्या माळ्यावरून, जुन्या बाजारातून किंवा परदेशात राहत असाल तर एखाद्या लिलावातून युरोपियन दिसणारी तलवार हातात येते आणि लगेच आजूबाजूचे चार जण चार गोष्टी सांगायला लागतात. कुणी म्हणतं नेपोलियनच्या काळातली, कुणी म्हणतं इंग्रज साहेबाची, आणि विकणारा तर ती थेट क्रुसेडपर्यंत (मध्ययुगातली ख्रिस्ती धर्मयुद्धं) मागे नेतो. मला हा नाद लागला तेव्हा मराठीत सलग कुठेच काही मिळालं नाही, जे मिळालं ते इंग्रजीत आणि तेही तुकड्या-तुकड्यात, म्हणून हे एका जागी लिहून ठेवतोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. तलवारीवरचा प्रत्येक शिक्का वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असतो. पातं कुणी बनवलं हा एक प्रश्न, सरकारने तपासून पास केलं का हा दुसरा, दुकानात विकलं कुणी हा तिसरा, कोणत्या पलटणीत वापरलं हा चौथा, आणि त्यावेळी गादीवर कोण होतं हा पाचवा. नवीन माणूस काय करतो, एक नाव दिसलं की त्याच एका नावात पाचही उत्तरं कोंबतो. तिथेच सगळं फसतं.

इथे मी साधारण १७८० ते १९१८ एवढाच काळ धरलाय आणि भर ब्रिटिश, फ्रेंच, जर्मन यांच्यावर आहे, कारण आपल्या हाती लागण्याची शक्यता यांचीच जास्त.

काय काय लागेल

- दहापट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळवाले डोळ्याला लावतात ते उत्तम)
- छोटा टॉर्च
- शिंप्याची टेप, आणि जमलं तर व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचं साधन)
- स्वयंपाकघरातला वजनकाटा
- बटर पेपर आणि मऊ पेन्सिल
- शिलाई मशीनचं तेल, जुनं सुती कापड, सुती हातमोजे
- वही. फोनमध्ये फोटो हवेतच पण वही पाहिजेच, का ते शेवटी येईल

१. आधी हात आवरा, काहीही घासू नका

पॉलिश पेपर, पितांबरी, चिंच, लिंबू, सोडा, यातलं काहीही तलवारीला लावायचं नाही. अधिकाऱ्यांच्या पात्यावरची नक्षी ही बहुतेक वेळा ॲसिडने उठवलेली असते, कागदाच्या जाडीची पण नसते, आणि दोनदा घासलं की राजाची अक्षरं गेली ती गेली. आपल्याकडे अजून एक गोष्ट होते, खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुवून हळद-कुंकू वाहून पुजतात, आणि ते ओलं हळद-कुंकू पात्यावर तसंच राहून खाली गंज धरतो. पूजा जरूर करा, पण फूल-अक्षता म्यानावर ठेवा किंवा संध्याकाळी पातं कोरडं पुसून तेलाचा हात फिरवा.

सैल धूळ कापडाने काढा, तेलाचे दोन थेंब लावा, एक रात्र जाऊ द्या, परत पुसा. एवढ्यावरही बरंच काही दिसायला लागतं. मूठ उघडून आत काय लिहिलंय ते बघायचा मोह होईल तुम्हाला, तो टाळा. ब्रिटिश तलवारीत पात्याचा मुठीत गेलेला दांडा वरच्या टोकाला ठोकून बसवलेला असतो, तो उघडायचा म्हणजे मोडायचाच.

२. मापं घ्या, आणि शिपायाची की साहेबाची ते ठरवा

पात्याची लांबी मुठीच्या आडव्या पट्टीपासून टोकापर्यंत सरळ रेषेत मोजायची, वक्र असलं तरी वक्रावरून टेप फिरवायची नाही. रुंदी मुठीजवळ. मग पातं सरळ की वक्र, एकाच बाजूला धार की दोन्ही, उभी पन्हळ (पात्याच्या लांबीत जाणारी खोलगट खाच) आहे का, किती रुंद आणि कुठपर्यंत जाते, पाठ चपटी की नळीसारखी गोल, हे सगळं लिहा.

ब्रिटिश मापं इंचात ठरायची म्हणून इंचातही मोजा. उदाहरणार्थ १८९७ च्या पॅटर्नची, म्हणजे त्या वर्षी ठरलेल्या सरकारी नमुन्याची, पायदळ अधिकाऱ्याची तलवार, पातं साडेबत्तीस इंच, सरळ, अरुंद. १९०८ ची घोडेस्वाराची तलवार साधारण ३५ इंच, पातळ आणि फक्त भोसकण्यासाठी केलेली, मुठीला भलीमोठी वाटीसारखी ढाल. या दोन्ही एकदा बघितल्या की परत विचारावं लागत नाही.

आता महत्त्वाचं. शिपायाची तलवार सरकार देत असे म्हणून ती तपासनिसांच्या आणि पलटणीच्या शिक्क्यांनी भरलेली असते आणि नक्षी जवळजवळ नसते. अधिकारी मात्र स्वतःच्या पैशाने विकत घेत असे, म्हणून त्याच्या तलवारीवर नक्षी, राजाची अक्षरं, दुकानाचं नाव, कधी कधी घराण्याचं चिन्ह असं सगळं असतं पण सरकारी तपासणीचा शिक्का सहसा नसतो. त्यामुळे "शिक्काच नाही, म्हणजे नकली" असं अधिकाऱ्याच्या तलवारीबद्दल म्हणू नका.

३. शिक्के कुठे शोधायचे

बहुतेक लोक फक्त पात्याच्या सपाट बाजू बघतात आणि "काही लिहिलेलं नाही" म्हणून मोकळे होतात. या क्रमाने बघा:

- मुठीला लागून पात्याचा जो बिनधारेचा भाग असतो तो, दोन्ही बाजूंनी
- पात्याची पाठ, मुठीपासून पहिले आठ-दहा इंच. फ्रेंच आणि जर्मन तलवारीची निम्मी कुंडली इथेच असते
- आडवी पट्टी आणि परज (बोटं झाकणारा मुठीचा भाग), आतून बाहेरून
- मुठीच्या शेवटच्या टोपीवर
- म्यानाचं तोंड, कड्या आणि अगदी खालचं टोक

टॉर्च समोरून मारायचा नाही, पात्याला जवळजवळ टेकवून तिरका धरायचा, खोली अंधारी. पुसट झालेला शिक्का असा सावलीत दिसतो. तरीही नाही दिसला तर बटर पेपर ठेवून पेन्सिल हलकी फिरवा, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसं. शिक्का उलटा-सुलटा, तिरपा, अर्धाच उमटलेला असू शकतो, आणि ठोकणारा कामगार घाईत असायचा हे लक्षात ठेवा, इंग्रजी सहा आणि नऊ यात गोंधळ होणारच.

४. ब्रिटिश तलवार

पहिल्यांदा राजाची अक्षरं, कारण तिथून काळ लगेच आवळता येतो. जी आर म्हणजे जॉर्ज (तिसरा १८२० पर्यंत, चौथा १८३० पर्यंत), डब्ल्यू आर म्हणजे चौथा विल्यम १८३० ते १८३७, व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१, ई आर आणि रोमन सात म्हणजे सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, पुढे परत जी आर, पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत. जुना जॉर्ज आणि नवा जॉर्ज यात घोळ होऊ शकतो पण तलवारीचा पॅटर्नच इतका वेगळा आहे की तो सुटतो. शेवटी आय अक्षर जोडलेलं दिसलं, म्हणजे जी आर आय वगैरे, तर तो "सम्राट" वाला आय, आणि ती पदवी १८७६ च्या कायद्याने आली, त्याच्या आधीची तलवार असूच शकत नाही.

पॅटर्न म्हणाल तर हे चेहरे ओळखून ठेवा:

१७९६ लाइट कॅव्हलरी (हलकं घोडदळ), खूप वक्र, टोकाकडे रुंद होत जाणारं पातं आणि मुठीला एकच लोखंडी परज. १८२१ पासूनची तीन दांड्यांची लोखंडी मूठ, जी लाइट कॅव्हलरी आणि तोफखान्याच्या अधिकाऱ्यांकडे असायची. १८२२ ची पायदळ अधिकाऱ्याची पितळी जाळीदार मूठ, मधे अंडाकृती खिडकीत राजाची अक्षरं. तिचं पातं सुरुवातीला नळीच्या पाठीचं होतं आणि १८४५ पासून चपट्या पाठीचं पन्हळवालं झालं, त्यामुळे मूठ तीच दिसली तरी पाठीवरून हात फिरवला की आधीची का नंतरची ते कळतं. १८९५ पासून पायदळाची मूठ पोलादी पत्र्याची झाली, अक्षरं त्यात कापून काढलेली. नौदलाची तर सोपीच, सिंहाचं डोकं आणि नांगर.

तपासणीचा शिक्का म्हणजे छोटा मुकुट, खाली आकडा, आणि नंतरच्या काळात एक अक्षरही. आकडा तपासनिसाचा असतो, वर्षाचा नाही! अक्षर जागेचं, ई म्हणजे एनफिल्ड, बी म्हणजे बर्मिंगहॅम, एस म्हणजे झोलिंगेन, हो, जर्मनीतलं झोलिंगेन, ब्रिटिश सरकार तिथून पाती मागवत असे. तीन रेघांचा बाण हा सरकारी मालकीचा. बाणाबरोबर बी ओ असेल तर बोर्ड ऑफ ऑर्डनन्स, ते खातं १८५५ मध्ये बंद झालं, त्यानंतर डब्ल्यू डी (वॉर डिपार्टमेंट). असे दोन बाण टोकाला टोक लावून दिसले तर तलवार सैन्यातून काढून विकलेली आहे. आणि बाणाभोवती आय एस डी दिसलं तर कान टवकारा, ते इंडिया स्टोअर डिपार्टमेंट, म्हणजे ही तलवार हिंदुस्थानसाठीच घेतलेली होती.

या आय एस डी वरून आपल्याकडे एक गंमत कायम होते. हिंदुस्थानातल्या स्वारांना १७९६ चा तो वक्र आकार इतका आवडला की बर्मिंगहॅमचे मोल वगैरे कारखानदार तो आकार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी-शेवटीपर्यंत इथल्यासाठी बनवत राहिले. मग बाजारात ती तलवार "वॉटर्लूच्या काळातली" (नेपोलियनची १८१५ ची शेवटची लढाई) म्हणून येते. पाठीवर मोलचं नाव आणि आय एस डी असेल तर वॉटर्लू विसरा. तलवार वाईट नाही हां, उलट आपल्या दृष्टीने तीच जास्त जवळची आहे, पण किंमत वॉटर्लूची देऊ नका.

विल्किन्सन या लंडनच्या तलवारी बनवणाऱ्या कंपनीबद्दल थोडं जास्त, कारण प्रश्न सगळ्यात जास्त याचेच येतात. पात्यावर "हेन्री विल्किन्सन, पॉल मॉल, लंडन" असं कोरलेलं असतं. हेन्री विल्किन्सन १८६१ मध्ये वारला, पण कंपनीने उत्तम प्रतीच्या पात्यांवर त्याचंच नाव पुढे कित्येक दशकं चालू ठेवलं, त्यामुळे नावावरून वर्ष काढायचं नाही. वर्ष काढायचं पाठीवरच्या आकड्यावरून. १८५४ पासून कंपनीने अधिकाऱ्यांच्या तलवारींना क्रमांक द्यायला सुरुवात केली आणि त्याच्या नोंदवह्या टिकून आहेत, त्यावरून वर्ष आणि नशीब असेल तर विकत घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नावसुद्धा निघतं. अर्थात क्रमांक सगळ्यांवर नसतो, आणि नोंदीत खरेदीदाराची जागा रिकामी पण असू शकते, विशेषतः पातं दुसऱ्या दुकानदाराला विकलेलं असलं तर.

मुठीजवळ पात्यात बसवलेलं एक छोटं पितळी बटण दिसेल आणि त्याच्याभोवती सहा टोकांची चांदणी. ही चांदणी बघून "ज्यू सैनिकाची तलवार" असे अंदाज बांधणारे खूप आहेत. तसं काही नाही. पातं वाकवून, आपटून तपासलं याची ती खूण, आणि ती विल्किन्सनशिवाय इतरांच्या पात्यांवरही असते.

दुकानदाराचं नाव हा ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या तलवारीतला सगळ्यात मोठा चकवा. हॉक्स, हॉबसन, फर्मिन असली नावं पात्यावर ठळक कोरलेली असतात, पण हे लोक मुख्यतः गणवेश आणि साहित्य पुरवणारे. पातं भलत्याच कारखान्यातून, कित्येकदा झोलिंगेनहून आलेलं. म्हणून नाव मिळालं की पहिला प्रश्न, हा बनवणारा की विकणारा?

अधिकाऱ्याची आद्याक्षरं किंवा घराण्याचं चिन्ह मिळालं तर लॉटरीच. त्या वर्षांच्या छापील आर्मी लिस्ट (अधिकाऱ्यांच्या याद्या) आणि लंडन गॅझेट (सरकारी राजपत्र) इंटरनेटवर बघायला मिळतात, पलटण कळली असेल तर आद्याक्षरांवरून माणूस शोधता येतो. पण आद्याक्षरं जुळणारे तिघे निघाले तर तिघांचीही नावं लिहा, आवडेल तो पकडू नका.

५. फ्रेंच तलवार

मला विचाराल तर नवख्यासाठी सगळ्यात सोपी फ्रेंच, कारण शिपायाच्या पात्याच्या पाठीवर हाताने कोरलेल्या तिरप्या अक्षरात कारखाना, महिना, वर्ष आणि बऱ्याचदा मॉडेलसुद्धा लिहिलेलं असतं. फक्त ते वळणदार आणि संक्षिप्त असतं म्हणून वाचायला त्रास होतो. दोन मोठी नावं लक्षात ठेवा. एक आल्सासमधलं क्लिंगेनताल, १७३० मध्ये झोलिंगेनचे कारागीर आणून सुरू केलेलं. दुसरं शातेलेरो, १८१९ मध्ये देशाच्या आतल्या भागात काढलेलं, कारण क्लिंगेनताल सरहद्दीला अगदी चिकटून होतं आणि १८१४-१५ मध्ये शत्रू देशात घुसल्यावर त्याची जोखीम सरकारला कळली.

आता गंमत बघा. कारखान्याच्या नावाआधी "शाही", "राष्ट्रीय" किंवा "साम्राज्याचा" अशा अर्थाचा शब्द असतो, आणि फ्रान्समध्ये सरकार इतक्या वेळा उलथलं की नुसत्या त्या एका अक्षरावरून काळ लागतो:

- आर (रॉयाल): १७९२ च्या आधी, किंवा १८१४ ते १८४८
- एन (नासियोनाल): १७९२ ते १८०४, १८४८ ते १८५२, आणि १८७० नंतर
- आय (आंपेरियाल): १८०४ ते १८१४ आणि नेपोलियन परत आला ते १८१५ मधले काही महिने, मग पुतण्याच्या राज्यात १८५२ ते १८७०

वर्ष पुसलं गेलं असेल तरी हे अक्षर आणि मॉडेल जुळवून बघा, बहुतेक वेळा एकच खिडकी उरते.

सापळा: मॉडेलचं वर्ष आणि बनवल्याचं वर्ष वेगळं. "मॉडेल १८२२" ही घोडदळाची तलवार पुढे कित्येक दशकं बनत राहिली, त्यामुळे पाठीवर १८२२ बघून तलवार तेव्हाची समजू नका, महिन्याच्या शेजारचं वर्ष शोधा. तसंच "अकरावं वर्ष", "तेरावं वर्ष" अशा अर्थाचे रोमन आकडे दिसले तर ते फ्रेंच क्रांतीच्या कॅलेंडरचे, अकरावं म्हणजे सप्टेंबर १८०२ ते सप्टेंबर १८०३.

क्लिंगेनतालमध्ये सरकारी काम थांबल्यावर कुलो नावाच्या खाजगी कंपनीने पाती बनवणं चालू ठेवलं, आणि १८७१ मध्ये आल्सासच जर्मनीकडे गेलं. म्हणजे क्लिंगेनताल लिहिलेलं १८९० च्या सुमाराचं पातं हे तेव्हाच्या जर्मन हद्दीत बनलेलं! देश विचारला तर काय सांगायचं हा प्रश्न मी अजून तरी कुणाशी वाद न घालता सोडवलेला नाही.

६. जर्मन तलवार

इथे दोन थर आहेत. पहिला कारखान्याचा, आणि कारखाना म्हटलं की शंभरातल्या बहुतेकांवर झोलिंगेन. नावापेक्षा चित्रं लक्षात ठेवा, ती पटकन सापडतात. खारीचं चित्र म्हणजे आइकहॉर्न. राजाचं डोकं आणि शिरस्त्राणवाला सरदार शेजारी-शेजारी म्हणजे वायर्सबर्ग आणि किर्शबाऊम, हे दोघे १८८३ मध्ये एकत्र आले, म्हणून दोन्ही डोकी जोडीने दिसली तर पातं त्यानंतरचं. थर्मामीटर म्हणजे होलर.

दुसरा थर सरकारी. प्रशियन शिपायाच्या पात्याच्या पाठीवर मुकुट, खाली राजाचं अक्षर, खाली वर्षाचे शेवटचे दोन आकडे. डब्ल्यू आणि ९१ म्हणजे विल्हेल्मच्या काळात १८९१ मध्ये पास झालेलं. पहिल्या विल्हेल्मच्या आधीच्या राजाचं एफ डब्ल्यू. बव्हेरियाचं एल, सॅक्सनीचं ए आर वगैरे, कारण साम्राज्य एक झालं तरी या राज्यांनी आपापली अक्षरं सोडली नाहीत. व्युर्टेम्बर्गच्या राजाचं नावही विल्हेल्मच होतं तेव्हा डब्ल्यू दिसला की लगेच प्रशिया म्हणून मोकळे होऊ नका.

परजेवर किंवा म्यानावर ठिपक्यांनी तोडलेले आकडे-अक्षरं असतील तर ती पलटणीची खूण. रेजिमेंटचा आकडा, दलाचं अक्षर, स्क्वॉड्रनचा आकडा, आणि शेवटी हत्याराचा नंबर. यू म्हणजे उलान (भालाईत), एच म्हणजे हुसार, डी म्हणजे ड्रॅगून, के म्हणजे क्युरासिए, सगळे घोडदळाचेच प्रकार. अक्षर कधी सुरुवातीला येतं कधी दुसऱ्या जागी, नियम बदलत गेले. मुठीवरचे आणि म्यानावरचे आकडे जुळले तर तलवार आणि म्यान पहिल्यापासून एकत्र आहेत, आणि अशा जोडीला मान जास्त.

पात्यावर इंग्रजीत "जर्मनी" किंवा "मेड इन जर्मनी" असेल तर ते परदेशी बाजारासाठी. ब्रिटनचा कायदा १८८७ चा आणि अमेरिकेचा १८९० चा, दोन्हीत परदेशी मालावर देश लिहिण्याची भानगड सुरू झाली, तेव्हा पातं त्यापुढचं.

७. बाकीचे देश, थोडक्यात

स्पेनचं तोलेदो, सरकारी कारखाना १७६१ चा, पात्यावर कारखान्याचं नाव आणि बऱ्याचदा वर्ष. पण तोलेदो हे नाव शेकडो वर्षं जर्मन पात्यांवर खपवलं गेलंय आणि आज पर्यटकांसाठीच्या शोभेच्या तलवारींवर पण तेच आहे. रशियाचं झ्लातौस्त, रशियन लिपीत नाव आणि वर्ष, हाही कारखाना १८१५ च्या पुढे झोलिंगेनच्या कारागिरांनीच उभा केलेला. स्वीडनचं एस्किल्स्तूना. यापुढे गेलात तर तुम्ही नवखे राहिला नाहीत.

८. मूठ आपली, पातं परकं

महाराष्ट्रात हा प्रकार वगळून चालणारच नाही. आपण जिला फिरंग म्हणतो तिचं पातं युरोपातून आलेलं आणि मूठ इथली, आणि हा व्यवहार गोवा-चौलकडून पोर्तुगीजांमार्फत, नंतर इतरांमार्फत फार जुना आहे. अशा पात्यांवर तीन खुणा वारंवार भेटतात. धावणारा लांडगा, मुळात जर्मनीतल्या पासाऊ गावाचा, नंतर झोलिंगेनच्या लोहारांनी उचललेला, कधी पितळ भरलेला. दातेरी चंद्रकोरीची जोडी, जी इटलीतल्या जिनोव्हाशी जोडली जाते. आणि आंद्रेया फेरारा हे नाव, तो सोळाव्या शतकातला उत्तर इटलीतला लोहार, पण त्याचं नाव नंतर दीड-दोनशे वर्षं जर्मनीत पात्यांवर ठोकलं जात होतं.

आणि यात मेख अशी की चंद्रकोरीची खूण आपल्याकडच्या लोहारांनी पण बिनधास्त नक्कल केली, कारण गिऱ्हाईक तीच मागायचं. तेव्हा खूण जिनोव्हाची दिसली म्हणून पातं जिनोव्हाचं ठरत नाही. पन्हळ सरळ आणि एकसारखी आहे का, खुणेची ठोक स्वच्छ आहे का, हे बघायचं, आणि तरीही "युरोपियन असण्याची शक्यता" एवढंच लिहायचं. पात्यावर १४१४ किंवा १४४१ असे आकडे दिसले तर ते वर्ष नव्हे, शुभ मानलेले आकडे आहेत.

दुसरा प्रकार एकोणिसाव्या शतकातला. ब्रिटिशांनी टाकून दिलेली घोडदळाची पाती इथे तलवारीच्या देशी मुठीत बसवली जायची. क्रिमियन युद्धात बालाक्लाव्हाच्या लढाईत १८५४ मध्ये मेलेला ब्रिटिश घोडदळाचा कॅप्टन नोलन याने लिहून ठेवलंय की निजामाच्या घोडेस्वारांची पाती म्हणजे जुनी इंग्रज पातीच होती, फक्त त्यांनी ती लाकडी म्यानात ठेवली म्हणून वस्तऱ्यासारखी राहिली, गोऱ्या स्वारांची लोखंडी म्यानात घासून बोथट व्हायची. निजामाच्या त्या फौजेच्या, म्हणजे हैदराबाद कॉन्टिंजंटच्या, छावण्या औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आताचं अंबाजोगाई, इथे होत्या. मराठवाड्यातल्या एखाद्या घरात देशी मुठीच्या तलवारीच्या पाठीवर इंग्रजी नाव किंवा मुकुट-आकडा सापडला तर चकित होऊ नका, आणि मूठ "बदललेली" आहे म्हणून ती फेकून इंग्रज मूठ बसवायच्या फंदात तर अजिबात पडू नका.

९. फसवणारे नेहमीचे नग

*बेयोनेट.* नागमोडी पातं, पितळी मूठ, पाठीवर फ्रेंच अक्षरात सेंत एतियेन आणि १८६९ वगैरे. ही शास्पो बंदुकीची संगीन आहे, ढिगाने बनली, आणि "नेपोलियनची तलवार" म्हणून विकली जाते. आडव्या पट्टीत बंदुकीची नळी बसायचं गोल भोक आणि मुठीवर दाबायची कळ दिसली की विषय संपला.

*क्रुसेडरची तलवार.* मुठीच्या टोकाला शिरस्त्राणवाला सरदार, क्रॉस, साखळी, पातळ पातं आणि त्यावर माणसाचं नाव. ही अमेरिकेतल्या बंधुसंघांची (फ्रीमेसनसारख्या मंडळांची) मिरवणुकीची तलवार, एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली.

*दरबारी तलवार.* चिमुकली, हलकी, काडीसारखं पातं. मुलकी अधिकारी, वकील वगैरे पोशाखाबरोबर लावायचे. जुनी असते, खरी असते, पण लष्करी नसते.

*आजची नक्कल.* ही आपल्या घरचीच, देहरादूनकडून अशा तलवारी जगभर जातात, आणि नक्कल म्हणून उघड विकल्या तर त्यात काही गैर नाही. पण पुढे कुणीतरी मुठीजवळचं "मेड इन इंडिया" घासून काढतं. तिथे पातं किंचित खोलगट किंवा वेगळ्या चमकीचं दिसलं तर नक्की काहीतरी घासलंय. शिवाय कडा गुळगुळीत असतात, पात्याची जाडी मुठीपासून टोकापर्यंत सारखीच राहते, आणि पितळी भागावर मुद्दाम काळं केलेलं असतं. खरं लष्करी पातं मुठीजवळ जाड आणि टोकाकडे पातळ होत जातं, व्हर्नियर तीन ठिकाणी लावा, कळेल.

*जुळवलेली जोडी.* म्यान एकाचं, पातं दुसऱ्याचं. म्यानात तलवार शेवटपर्यंत सहज जाते का, वक्र जुळतो का, आणि म्यानाच्या तोंडावरचा शिक्का मुठीवरच्या शिक्क्याशी बोलतो का ते बघा.

१०. कायदा, हा भाग गाळू नका

भारतात शस्त्र कायदा १९५९ चा आहे, आणि नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यार, जे घरकाम-शेतीचं नाही, ते त्याच्या कक्षेत येतं. अधिसूचना लागू असलेल्या भागात बाळगायलाही परवाना लागतो, म्हणून आपल्या पोलिस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या, आणि उत्तर लेखी मिळालं तर उत्तम. घरात वारसाने आलेली असेल तर जुने फोटो, वाटणीपत्र, जुना परवाना असं जे असेल ते एका फाइलमध्ये. तलवारीने वाढदिवसाचा केक कापून व्हिडिओ टाकणाऱ्यांवर आपल्याकडे गुन्हे दाखल होतात हे रोज वाचतोच आपण, तेव्हा फोटो टाकतानाही तारतम्य.

शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, ती देशाबाहेर न्यायची नाही, "अमेरिकेतल्या मुलाकडे पाठवतो" हेसुद्धा नाही. उलट बाजूने, तिकडून मागवायची असेल तर पैसे भरायच्या आधी कस्टम्सचे नियम बघा.

११. नोंद करा आणि मग विचारा

प्रत्यक्ष बघून डोळा बसतो तसा फोटो बघून बसत नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्यात केळकर संग्रहालय, हैदराबादला सालारजंग, इथली शस्त्रं निवांत बघा. लंडन-लीड्सकडे असाल तर वॉलेस कलेक्शन आणि रॉयल आर्मरीज, पॅरिसला इन्व्हालिद, आणि जर्मनीत असाल तर झोलिंगेनचं पात्यांचं संग्रहालय. रॉयल आर्मरीजचा संग्रह घरबसल्या ऑनलाइन शोधता येतो, पॅटर्न जुळवायला मी तोच वापरतो.

जाणकाराला विचारताना "ही कुठली आहे, किंमत किती" असा एक धूसर फोटो पाठवू नका, कुणी उत्तर देत नाही. पूर्ण तलवार दोन्ही बाजूंनी, मूठ चारही बाजूंनी, पाठ, प्रत्येक शिक्का जवळून, म्यानाचं तोंड, आणि शेजारी मोजपट्टी. सोबत वहीतली नोंद. वही यासाठी, की फोटोत तिरक्या उजेडात जे दिसलं ते नंतर दिसत नाही, आणि आपण काय बघितलं आणि काय नुसतं मानलं यातला फरक कागदावर वेगळा राहतो. मी अशी लिहितो:

पातं: साडेबत्तीस इंच, सरळ, अरुंद, दोन्ही बाजूंना पन्हळ. वजन म्यानाशिवाय मोजून इथेच लिहायचं.
मूठ: पोलादी पत्रा, आत कापलेली अक्षरं जी आर, मधे रोमन पाच. रे माशाचं खरखरीत चामडं, तार दोन ठिकाणी तुटलेली.
पात्यावर: लंडनच्या गणवेशवाल्याचं नाव (विकणारा). पितळी बटण आणि चांदणी. बनवणारा कळत नाही.
पाठीवर: आकडा नाही.
सरकारी शिक्का: नाही, अधिकाऱ्याची असल्यामुळे अपेक्षितच.
आद्याक्षरं: पुसट, दुसरं अक्षर बी किंवा आर.
म्यान: तपकिरी चामड्याचं, खालचं टोक बदललेलं वाटतं.
अंदाज: ब्रिटिश पायदळ अधिकारी, १८९७ पॅटर्न, १९१० ते १९३६ च्या मधली.
उरलेलं काम: आद्याक्षरं परत तिरक्या उजेडात बघणे.